डाव्या हाताचे मोदक

कवींना भूक फार लागते. हे मी कुठे वाचलेलं नाही, कित्येक वर्षं त्यांच्यासाठी चुलीपुढे बसून शिकले आहे.

माझा धाकटा भाऊ कल्याणच्या कचेरीत कारकून होता. मी न कळत्या वयात विधवा होऊन माहेरी परत आलेली. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही, तेव्हापासून त्याचं घर मीच बघत होते. त्याला कवितेचा नाद होता. नाद कसला, तर आमटीत मीठ पडलेलं नाही हे ताट संपेपर्यंत कळायचं नाही, पण दुसऱ्याच्या श्लोकात एक मात्रा कमी पडली की दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करायचा. गावात त्याच्या जातकुळीचे आणखी पाच-सहाजण निघाले. रविवारी दुपारी, जेवणानंतरची झोप टाकून, ते आमच्या ओटीवर जमत. ठाण्याहून आगगाडीने एक वृद्ध वकील येत. त्यांनी वकिली सोडली होती, उलटतपासणी सोडली नव्हती. मंडळींत ते वडील. त्यांनी हात फिरवल्याशिवाय कोणाचीही कविता ठाण्याच्या वर्तमानपत्रात छापायला जात नसे.

त्यांचा मुख्य खेळ समस्येचा. एकाने श्लोकाची शेवटची ओळ द्यायची आणि बाकीच्यांनी तिच्या आधीच्या तीन ओळी रचायच्या. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं मी भावाला तोंडावर म्हणायचे. तो हसायचा आणि विचारायचा, "आक्का, आज फराळाला काय?"

मंडळींची आणखी एक रीत होती, ती मात्र मला कधीच आवडली नाही. त्यांच्यातलं कोणी वारलं, किंवा कोणाच्या घरचं वडीलधारं माणूस गेलं, की पुढच्या रविवारी प्रत्येकाने एकेक विलाप रचून आणायचा. ज्याचा विलाप, त्याच्या आवडीचा पदार्थ त्या दिवशी फराळाला करायचा. वकील म्हणत, असं केल्याने गेलेला जीव तृप्त होतो. तृप्त कोण होतं ते ताटं घासताना मला दिसायचं. जिवंतपणी ज्याची एक ओळ धड म्हणायचे नाहीत, त्याला मेल्यावर सूर्य म्हणायचे, सागर म्हणायचे. मेल्या म्हशीला मणभर दूध, ते हेच.

मंडळींत एक मास्तर होते. सरकारी मराठी शाळेत शिकवायचे. अंगाने किरकोळ, बोलायला मऊ, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्यांत त्यांच्याच कवितेत काही जीव असायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको दर रविवारी परसदाराने माझ्या मदतीला यायची. तिला मी वहिनी म्हणत असे. बाहेर ते मात्रा मोजायचे, आत आम्ही दोघी सारण ढवळायचो.

वहिनी डावखुरी होती.

हे मला तिच्या दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला कळलं. आम्ही जात्यावर समोरासमोर बसलो होतो. दोन बायका दळायला बसल्या की एकमेकींचे हात अडखळतात, कोणीतरी हात बदलावा लागतो. आमचे अडखळलेच नाहीत. मी मान वर करून पाहिलं तर तिचा डावा हात खुंट्याला. तिने तो चटकन काढून घेतला आणि पांढरी पडली.

"कोणाला सांगू नका हं, आक्का. ह्यांना कळलं तर माझ्या हातचं जेवायचे नाहीत."

लहानपणी तिच्या आईने तो हात पदराच्या चिंध्यांनी पाठीशी बांधून ठेवला होता. त्यामुळे चार लोकांपुढे वाढायला ती उजव्या हाताने शिकली, पण वळणं, चिरणं, लाटणं उजव्याला कधी जमलंच नाही. ते सगळं ती दाराआड, डाव्याने करायची. आणि काय करायची! मोदकाच्या उकडीची पारी तिच्यासारखी पातळ मी जन्मात पाहिली नाही. मात्र माझ्या मोदकांच्या कळ्या एका अंगाला कलायच्या आणि तिच्या बरोबर उलट. एका ताटात शेजारी ठेवले तर न्याहाळून बघायचीही गरज नव्हती. ती घाबरायची आणि माझ्या मोदकांच्या मध्ये मध्ये स्वतःचे लपवून ठेवायची. मी म्हणायचे, "अगं, ते कवी आहेत. त्यांना काही दिसत नाही." आणि खरंच, कितीतरी वर्षं ते दोन्ही तऱ्हेचे मोदक त्यांनी खाल्ले, एकाने तर मोदकाला कमळाची उपमा देऊन श्लोकही केला, पण एक सोडून दोन जातींची कमळं ताटात आहेत हे एकालाही दिसलं नाही. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो होतो.

मग प्लेग आला. आधी मुंबईत आहे म्हणत होते, मग स्टेशनावर उतरणाऱ्या माणसांच्या काखा चाचपायला डॉक्टर बसले, मग आमच्याच आळीत उंदीर मरून पडायला लागले. ज्या घरात माणूस आजारी पडे त्या घराची कौलं उतरवून आत ऊन सोडत, भिंतींना चुना फासत, आणि माणसांना गाडीत घालून ठाकुर्लीच्या बाजूला माळावर झोपड्या बांधल्या होत्या तिकडे नेत. तिकडून परत आलेलं माणूस आम्ही फारसं पाहिलं नव्हतं. पहिल्या रविवारी मंडळींनी समस्या दिली ती प्लेगवरच. मी पोह्यांची ताटली ओटीवर सरकवली आणि जरा जोरात सरकवली.

मास्तरांना ताप भरला तेव्हा गाडी त्यांच्यासाठी आली होती. वहिनीला काही झालेलं नव्हतं. तिला घरच्या लोकांकडे जायला सांगितलं, तर म्हणे ती सरळ गाडीत चढून त्यांच्या उशाशी बसली. गाडी आमच्या दारावरून गेली. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. तिने डाव्या हाताने त्यांच्या डोक्यावर पदर धरला होता. उघड्या रस्त्यावर, सगळ्या आळीदेखत.

त्यानंतर काही दिवसांनी खाडीकडचा मीठवाला आगरी परसदारी आला. मिठागरावरून त्याची वाट त्या माळाजवळून जायची. त्याने मिठाची टोपली खाली ठेवली आणि म्हणाला, "मास्तराचे झोपरीनशी तिरडी निंगाली गो बाय. मी सोता बगली."

एवढंच त्याने पाहिलं होतं. कोणाची तिरडी ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही कोणी विचारलं नाही. ताप मास्तरांना होता, तेव्हा गेले ते मास्तरच. मीही तेच धरून चालले. चौकशीला माळावर जायचं धैर्य गावात कोणाला नव्हतं, माझ्या भावाला तर नव्हतंच. मी त्याला विचारलं, "आणि वहिनी? तिचं काय झालं असेल?"

"माहेरच्यांनी नेलं असेल," तो म्हणाला. त्याच्या हातात तेव्हा बोरू होता.

मी त्या दिवशी खूप रडले. वहिनीच्या केसांसाठी रडले. तिचे केस गुडघ्यापर्यंत होते, आणि न्हावी पुढे बसला की काय होतं ते मला माहीत आहे. तिला आता माझ्यासारखं लाल अलवण नेसून कुठल्या तरी भावाच्या चुलीपुढे बसावं लागणार, ह्या विचाराने मला घास जाईना. तेव्हा ती राख होऊन गेली होती. मी चुकीच्या दुःखासाठी रडत होते.

मंडळी मात्र जोरात होती. प्लेगला भिऊन घराबाहेर न पडणारे कवी त्या रविवारी झाडून सगळे आले. वकील ठाण्याहून आले. असे विलाप त्या ओटीवर आधी कधी वाचले गेले नव्हते, हे मीही कबूल करते. माझ्या भावाने तर मास्तरांना वटवृक्ष केलं आणि स्वतःला त्यावरचं बेघर पाखरू. सगळे ढसाढसा रडले, खोटं नाही रडले. मास्तरांना मोदक आवडायचे, म्हणून मी एकटीने मोदक केले. सगळ्या कळ्या एकाच अंगाला कलल्या होत्या. ते पाहून माझा हात चालेना. वकिलांनी सगळ्यांच्या विलापांवर हात फिरवला आणि ते ठाण्याच्या पत्रात एका पानावर ओळीने छापून आले. भावाने ते पान देवाच्या कोनाड्यात ठेवलं.

आणि एका रविवारी समस्येची ओळ नुकतीच दिली गेली असताना मास्तर ओटीच्या पायऱ्या चढून आले.

मी दाराआडून पाहिलं. डोकं भादरलेलं, गालफडं आत गेलेली, अंगावर कोणाची तरी पैरण. आमचा भाऊ भिंतीला चिकटला. वकिलांनी जानवं धरलं. मास्तर वरच्या पायरीवरच टेकले आणि म्हणाले, "मी नाही. ती गेली."

मग कोणीतरी, काहीतरी करायचं म्हणून, आपल्या खिशातलं ते छापलेलं पान त्यांच्या हातात दिलं. माणसाला माणूस काय द्यायला जाईल सांगता येत नाही. मास्तरांनी स्वतःवरचे सगळे विलाप पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले. घडी करून खिशात ठेवले. म्हणाले, "चांगले झालेत."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. त्यांचा ताप उतरायला लागला त्याच दिवशी तिच्या काखेत गाठ आली. त्यांना उठून उभंही राहता येत नव्हतं. तिला नेली तेव्हा त्यांनी हाका मारल्या, पण माळावर तशा हाका खूप ऐकू यायच्या. एका वेळी अनेकांना एकत्रच जाळत. अग्नी त्यांनी दिला नाही. अस्थी गोळा करायला गेले तेव्हा कोणाच्या त्या ओळखायला काही राहिलेलं नव्हतं. दहावं, तेरावं, सगळं त्या झोपडीच्या चटईवर पडून गेलं.

"तिचं काही उरलेलं नाही," ते म्हणाले. "मला तिच्यावर चार ओळी हव्या आहेत. माझ्याच्याने होत नाही. बसतो, आणि पाटी कोरी राहते. वर्षश्राद्धापर्यंत तुम्ही कोणीतरी करा. चारच ओळी, पण तिच्या असू देत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वकील म्हणाले, "एकच काय, आम्ही प्रत्येकजण करू."

ते वर्ष मास्तरांनी कसं काढलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. शाळेत जात, खानावळीत जेवत, रविवारी येऊन कोपऱ्यात बसत. समस्या पुढे आली की मान हलवत. दर वेळी जाताना भावाला विचारत, "झाल्या का हो ओळी?" भाऊ म्हणायचा, "होताहेत." मी मनात म्हणायचे, होताहेत कुठल्या. मी त्याला एकदाही बसलेला पाहिला नव्हता.

वर्षश्राद्ध सकाळी शेणाळे तळ्यावर झालं. दुपारी मंडळी जमली. आदल्या दिवशी भावाने रीतीप्रमाणे मास्तरांना विचारलं होतं, वहिनींना काय आवडायचं? मास्तर थोडा विचार करून म्हणाले होते, "मोदक." मोदक त्यांना स्वतःला आवडायचे. तिला आवडायची भाताची खरवड, भांड्याच्या बुडाची, ताकात कालवून. पण मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी मोदक केले.

वाचायला भावाने सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. तोच विलाप होता. गेल्या वर्षी हा घरभर पुटपुटत फिरला होता, मला तो पाठ झाला होता. वटवृक्ष होता तिथे वेल आली होती. मित्र होता तिथे साध्वी. बेघर पाखरू जसंच्या तसं. मग दुसऱ्याने वाचला, तोही गेल्या वर्षीचाच, ज्ञानाच्या दिव्याऐवजी देव्हाऱ्यातली समई. तिसऱ्याचंही तेच. प्रत्येकाला वाटलं होतं की ही युक्ती आपल्या एकट्यालाच सुचली. चांगला घडलेला दागिना पडून राहिला होता ना! तो वाया कशाला घालवायचा?

मास्तरांनी खिशातून ते छापलेलं पान काढलं. वर्षभर घडी घालून ते चिरलं होतं. ते मांडीवर पसरून त्यांनी वकिलांच्या विलापापर्यंत सगळं ऐकून घेतलं, बोट ओळींवरून फिरवत.

"हे माझं आहे," ते म्हणाले. "माझं नेसतं धोतर फाडून तुम्ही तिला गुंडाळलंत. लुगडं एकालाही आणता आलं नाही?"

भाऊ मान खाली घालून बसला. वकील मात्र वकीलच. म्हणाले, "मास्तर, रागावू नका. परस्त्रीचं वर्णन आम्ही कोणत्या आधारावर करावं? आम्ही कधी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि तसं पाहणं तुम्हालाही खपलं नसतं."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "पण तिच्या हातचं तुम्ही इतकी वर्षं खाल्लंत. तिच्याबद्दल एक गोष्ट सांगा. एकच. श्लोकात नको, साधी सांगा."

भाऊ हलक्या आवाजात म्हणाला, "मोदक फार सुरेख करायच्या."

आता मला राहवेना. मुंडण केलेल्या बाईने पुरुषांच्या बैठकीत येऊ नये, हे मला शिकवायची कोणाला गरज नव्हती. पदर पुढे ओढून मी उंबऱ्यात येऊन उभी राहिले आणि म्हटलं, "कोणत्या हाताने करायची, ते माहीत आहे का?"

भाऊ पुटपुटला, "आक्का, आत जा."

"डाव्या," मी म्हटलं. "डावखुरी होती ती."

तिने सांगू नका म्हटलं होतं, ते मला आठवत होतं. पण तिला भीती होती ती जेवणाऱ्याने ताट सरकवण्याची. आता तिचं कुठलं ताट आणि कोण सरकवणार?

वकिलांच्या हातात मोदक होता. माझ्या हातचा, उजव्या हाताचा, तरी त्यांनी तो खाली ठेवला. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं डाव्या हाताचं...?"

"हो. आणि दुसऱ्यांदा मागून घेतलंत."

मास्तर माझ्याकडे बघत होते. ते म्हणाले, "नाही आक्का. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. ती मला उजव्याने वाढायची."

"वाढायची उजव्याने. करायची डाव्याने. तिच्या मोदकांच्या कळ्या उलट्या असायच्या. तुम्ही इतके खाल्लेत, आठवून बघा."

त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मी सांगू शकत नाही. मला वाटलं होतं, मी त्यांच्या बाजूने बोलते आहे. पण माझा तडाखा बसला तो त्यांनाच. मंडळींना बायको माहीत नव्हती म्हणून ते चिडले होते, आणि तेवढ्यात त्यांना कळलं की आपल्यालाही नव्हती. पाटी कोरी का राहत होती ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि मला त्यांची फार दया आली. कोणाचा निरोप न घेता ते उठून गेले.

पुढच्या रविवारी ते ओटीवर आले नाहीत. परसदारी आले, ती यायची तिथे. पायरीवर बसून त्यांनी एकच शब्द म्हटला, "आणखी?"

मी खरवडीचं सांगितलं. त्याच्या पुढच्या खेपेला सांगितलं, की आगगाडीची शिट्टी झाली की ती पिठाच्या हातांनी कान झाकायची आणि दिवसभर कानावर पीठ घेऊन हिंडायची. वकिलांच्या खाकरण्याची नक्कल ती हुबेहूब करायची, तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "माझ्या कविता ती दाराआडून ऐकायची ना?"

"तुम्ही वाचायला लागलात की तिला झोप यायची," मी म्हटलं. खोटं बोलता आलं असतं. पण त्या ओटीवर गोड खोटं पुष्कळ झालं होतं, परसात तरी नको वाटलं.

ते हसले. मोठ्याने हसले, आणि हसता हसता रडायला लागले. मी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून पायरीवर ठेवला.

असं पावसाळाभर चाललं. माणूस कितीही ओळखीचं असलं तरी सांगण्यासारखं ते केवढंसं असतं! एका रविवारी त्यांनी "आणखी?" म्हटलं आणि मला काहीच आठवेना. मी म्हटलं, "संपलं." ते तरीही बसून राहिले. संध्याकाळ झाल्यावर उठले.

त्यानंतर त्यांनी त्या चार ओळी केल्या. पहिल्यांदा मला वाचून दाखवल्या, परसदारी उभ्याने. वृत्तातलं मला काही कळत नाही. पण पहिल्या दोन ओळी मी एकदा ऐकल्या त्या अजून जिभेवर आहेत:

डाव्या हाते वळिले मोदक, उजव्या हाते वाढी ती;
जन्मभरी मी जेवित आलो, मला न कळली केव्हा ती.

मी म्हटलं, "ही तीच आहे." मग म्हटलं, "मंडळींना देऊ नका."

"छापली तर राहील, आक्का. तिच्या अस्थी नाहीत, तिला लेकरू नाही. एवढं तरी कुठेतरी राहू दे. आणि ठाण्याच्या पत्रात जायचं तर वकिलांच्या हातूनच जावं लागतं."

रीत म्हणजे रीत. एवढ्यावरही त्यांना ती मोडावीशी वाटली नाही. कवी माणूस सगळ्या जगाशी भांडेल, पण ज्याने एकदा आपल्या ओळीवर हात फिरवला त्याच्यापुढे मान खाली घालेल. त्यांनी कागद वकिलांना दिला, आणि वकिलांनी तो कपाळाला लावून घेतला. गहिवरून म्हणाले, "मास्तर, तुम्ही परत आलात."

पत्राचा अंक आला तो मास्तरांनी मलाच आणून दाखवला. छान चौकटीत छापलं होतं.

कोमल हाते वळिले मोदक, प्रेमळ हाते वाढी ती;
जन्मभरी मी जेवित आलो, अशी गुणाची होती ती.

खालच्या दोन ओळींचीही अशीच चांगली व्यवस्था लावली होती. कुठेही मात्रा कमी नाही, जास्त नाही. डाव्याला चार, कोमलला चार. भाऊ नंतर मला समजावून सांगत होता, की वकिलांनी हे मास्तरांच्या भल्यासाठीच केलं. मेलेल्या बाईचं व्यंग चारचौघांत का उघडं करायचं, आणि नवऱ्याला बायको कळली नाही असं जगाला कशाला सांगायचं? त्यात दुष्टावा नव्हता, हे मलाही माहीत आहे. दुष्टावा असता तर मी परवडलं म्हटलं असतं.

मास्तरांनी पान माझ्यापुढे धरलं होतं. "आक्का, ही कोण हो?"

"मी ओळखत नाही हिला," मी म्हटलं.

त्यांनी पानाची घडी केली, आमच्या चुलीपर्यंत आले, आधी विचारलं, "घालू का?" आणि जाळात घातली. मंडळींकडे ते पुन्हा गेले नाहीत. ते मला रस्त्यात भेटत. मान हलवत आणि पुढे जात.

त्या थंडीत प्लेग परत आला. मास्तर घराबाहेर पडले नाहीत. शेजारी आळी सोडून शेतावर राहायला गेले, त्यांना बोलावलं, हे गेले नाहीत. मग एक दिवस मास्तर गेल्याचं कानावर आलं. या खेपेला खात्री करून घ्यायला भाऊ स्वतः गेला. खरोखरच मास्तर होते.

रविवारी मंडळी जमली. विलाप तयारच होते. ठाण्याच्या पत्राचं ते जुनं पान भावाने देवाच्या कोनाड्यातून काढलं. वेलींचे परत वटवृक्ष झाले, समईचा दिवा झाला. एक अक्षर बदलावं लागलं नाही. सगळे मागच्यासारखेच रडले, आणि मागच्यासारखंच ते खरं होतं.

रीतीप्रमाणे फराळाला मोदक होते. ते मी डाव्या हाताने वळले. सकाळपासून बसले होते. पारी फाटत होती, कळ्या कुठल्या कुठे जात होत्या, सारण बाहेर येत होतं. एक मात्र साधलं, सगळ्या कळ्या उलट्या कलल्या होत्या. ताट मी स्वतः ओटीवर नेऊन ठेवलं आणि उंबऱ्यात उभी राहिले.

वकिलांनी एक उचलला, न्याहाळला. "आक्का, आज कळ्या बिघडल्या."

"हो," मी म्हटलं. "ह्या हाताला सवय नाही."

कोणता हात, ते त्यांनी विचारलं नाही. मोदक ताटात परत ठेवून ते ठाण्याची गाडी गाठायला उठले. बाकीच्यांनी सगळे संपवले.